मागच्या बाजूची सही

आमच्या घरात कागदाची घडी आधी उभी घालायची, मग आडवी. विजेचं बिल असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर वाण्याची चिठ्ठी. कुणी चुकून आधी आडवी घडी घातली की वडील तो कागद हातातून काढून घेत, मांडीवर ठेवून तळव्यानं सपाट करत आणि उभी घडी घालून परत देत. आईला ते बघून हसू यायचं. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," ती म्हणायची. ती आधी गेली, खोड राहिली.

ही खोड त्यांना मतपत्रिकांनी लावली होती. वडील आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात सरकारी शाळेत गणित शिकवायचे आणि निवडणूक आली की त्यांना पीठासीन अधिकारी करून, म्हणजे मतदान केंद्राचा प्रमुख करून, कुठल्यातरी गावी धाडलं जायचं. बहुतेकदा शहराबाहेरच्या बेटम्याच्या बाजूलाच. लोखंडी पेट्या, लाख, सुतळी आणि मतपत्रिकांचे गठ्ठे घेऊन ते ट्रकमध्ये बसून जात. केंद्रावर आलेल्या प्रत्येकाला ते घडी समजावून सांगत. शिक्का मारला की शाई ओली असते. आडवी घडी घातली तर ठसा खालच्या भलत्याच उमेदवारावर उमटतो आणि मत कुणाचं ते कळेनासं होतं. उभी घातली तर उमटला तरी ज्याचा त्याच्याच ओळीत उमटतो. एवढंसं गणित. पण त्यापायी किती मतं वाया जातात, हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी दूध मोरीत ओतलंय.

आणि सही. मतपत्रिका मतदाराच्या हातात देण्याआधी तिच्या मागच्या बाजूला पीठासीन अधिकाऱ्यानं सही करायची असे, तीही पूर्ण. गठ्ठेच्या गठ्ठे. इतर मास्तर लोक नुसता फराटा ओढून मोकळे होत. वडील प्रत्येक पत्रिकेवर अख्खं नाव लिहीत. घरी परतले की आई त्यांचं मनगट गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची आणि शेकता शेकता बोलायचीही. "तुमची सही बघायला मोजणीत कोण बसलंय?" त्यावर वडिलांचं उत्तर ठरलेलं. सही नसेल तर त्या कागदाला किंमत नाही. बिचारा मतदार उन्हातान्हात उभा राहिला, शिक्का मारला, घडी घातली, आणि आपल्या आळसापायी त्याचं मत गेलं, हे पाप कुणाच्या माथी?

मतमोजणीलाही ते बसत. तिथली एक गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की पुढचं वाक्य आम्हीच म्हणायचो. एक पत्रिका निघाली. शिक्का बरोबर, घडी बरोबर. उलटून बघतात तर मागे सुबक अक्षरात मतदाराचं नाव, बापाचं नाव, गाव. बिचाऱ्याला वाटलं असेल, आपण मत दिलं हे उमेदवाराला कळावं. त्या उमेदवाराचा माणूस हात जोडून उभा राहिला. मास्तर, म्हातारा माणूस असणार, लिहिलं भाबडेपणानं, धरा ना. टेबलावरचे बाकीचेही म्हणाले, जाऊ द्या. वडिलांनी ती बादच्या गठ्ठ्यात टाकली. मतदार ओळखू येईल अशी कुठलीही खूण असली की मत बाद, हा नियम. "नाव लिहिलं की ते मत राहत नाही, अर्ज होतो," हे त्यांचं शेवटचं वाक्य. आम्ही पोरं ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो. लहानपणी मला त्या म्हाताऱ्याची दया यायची. वडिलांना येत नाही याचा रागही यायचा.

मशीन आलं तोवर वडील निवृत्त झाले होते. मशीन त्यांना कधीच आवडलं नाही. राजेंद्र नगरातल्या आमच्या बूथवर पहिल्यांदा बटण दाबून आले तेव्हा रुसल्यासारखे बसून राहिले. "बटण दाबलं, पीं वाजलं. मत दिलं की कुणाच्या दारची घंटी वाजवली?" पुढे काचेआड चिठ्ठी दिसायला लागली. मी म्हटलं, आता तर कागद दिसतो ना बाबा. "दिसतो. पण हातात येतो कां?" मशीनमध्ये घोटाळा होतो वगैरे ते कधी म्हणाले नाहीत. तसलं बोलणाऱ्यांना तेच झापायचे. त्यांचं दुःख साधं होतं. मत हा त्यांच्या लेखी हातात धरायचा, घडी घालायचा कागद होता.

मग ते बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उभं राहणं संपलं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांचं सगळं माझ्याकडे आपसूक आलं. सकाळी त्यांना पुसून, खाऊ घालून, दिवसभराच्या बाईच्या स्वाधीन करून मी पलासियाला ऑफिसात जायची, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून चिडलेली परत यायची. हे मी कौतुक व्हावं म्हणून सांगत नाही. मी काही सोशिक मुलगी नाही. पुष्कळदा त्यांच्यावर खेकसले आहे आणि त्यांनीही मला सोडलेलं नाही. दिवसा त्यांचं डोकं ठिकाणावर असायचं. थकले की मात्र काळ सरकायचा. आई पोळ्या करते आहे असं समजून हाक मारायचे, किंवा उद्या ड्यूटीवर जायचंय, माझी पेटी भर, म्हणायचे.

अशात विधानसभेची निवडणूक लागली. आमच्या भागाच्या मतदार याद्या बघणारी अंगणवाडीची बाई, तिला सगळे दीदी म्हणतात, एक दिवस दारात आली. वयस्कर लोकांना आता घरून मतदान करता येतं, म्हणाली. फॉर्म भरा, टीम घरी येईल. पण एकदा भरला की मग बूथवर मत देता येणार नाही. वडिलांनी आतून खाटेवरूनच विचारलं, "मशीन घर लाओगे क्या?"

"नहीं बाऊजी, मशीन नहीं. कागज़वाला मतपत्र आएगा."

वडिलांनी मला हाक मारली. "भरून दे फॉर्म. आत्ताच भर." त्यांचा आवाज इतका तरतरीत मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. हे त्यांचं शेवटचं मत असणार, हे आम्हा दोघांना कळत होतं. तसंच झालं. पुढच्या निवडणुकीपर्यंत ते राहिले नाहीत. म्हणून त्या मतपत्रिकेबद्दल मी एवढं सांगते आहे. त्या खोलीत, त्या खाटेवर, त्यांच्या हातात त्यांचं म्हणावं असं तेवढंच काहीतरी उरलं होतं.

टीम दिवाळीच्या तोंडावर आली. आदल्या दिवशी फोन आला होता, म्हणून वडिलांनी सकाळीच दाढी करवून घेतली. शर्टावर बंद गळ्याचा कोट चढवायला लावला. खाली रजई, वर कोट. मला हसू आलं आणि त्यांनी ते पाहिलं. "हसून काय राहिली? केंद्रावर असंच जातात." मी पोहे करून ठेवले होते, वर सेंव पेरून. वडील म्हणाले, ड्यूटीवरच्या माणसांना मतदाराच्या घरचं खायला देऊ नको, कुणी बघितलं तर तक्रार होते. मग मी ते पोहे झाकून ठेवले आणि दोन दिवस एकटीनं संपवले.

एक मध्यमवयीन मॅडम होत्या, कुठल्याशा शाळेतल्या, सोबत एक मदतनीस, एक कॅमेरावाला, एक पोलीस, आणि दीदी. मॅडमनी चप्पल बाहेर काढली, ते मला आवडलं. ओळखपत्र पाहिलं, 'मतदार मीच' असं लिहून द्यायचं घोषणापत्र पुढे केलं. त्यावर वडिलांनी सही केली. हात थरथरत होता, पण एकेक अक्षर जागच्या जागी. मॅडम थांबून राहिल्या. "जल्दी नहीं है बाऊजी."

मग मतपत्रिका आली. वडिलांनी ती दोन्ही हातांनी घेतली. लांबट, जाडसर कागद. त्यांनी तो आधी नाकाशी नेला. कॅमेरावाला हसला. मॅडमनी समजावलं, की शिक्का नाही, पेनानं टिक करायची किंवा क्रॉस, आणि घडी घालून या छोट्या लिफाफ्यात टाकायची. वडिलांच्या खाटेवरच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि आम्ही सगळे दारापाशी सरकलो. तिथून फक्त कोटाची कॉलर आणि मागचे पांढरे केस दिसत होते.

बराच वेळ गेला. टिक करायला किती वेळ लागतो? पेनाची करकर ऐकू येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. मला वाटलं, हात कापतोय. पोलीस घड्याळ बघायला लागला. मॅडमनी हळूच विचारलं, "हो गया बाऊजी?"

आडोशामागून आवाज आला, "मैडम, वोटर को बूथ में आवाज़ नहीं देते."

सगळे हसले, मीही. मॅडम म्हणाल्या, "ये तो हमारे भी सर निकले." मला वडिलांचा अभिमान वाटला, अगदी खरा अभिमान. मग त्यांनी कागद उचलला. आधी उभी घडी, मग आडवी. लिफाफ्यात घातला, डिंकाची कड जिभेवरून फिरवली, दाबली. तो लिफाफा मोठ्या लिफाफ्यात गेला, वर घोषणापत्र, आणि तोही बंद झाला. मंडळी पुढच्या घरी गेली. वडील कोट काढू देईनात. जेवेपर्यंत तसेच बसून होते.

संध्याकाळी मी त्यांच्या पायांना तेल चोळत होते. ते खूश होते, आणि खूश माणूस बोलतो.

"त्या बाई चांगल्या आहेत, पण नवीन आहेत, बेटा. पत्रिका उलटून बघितली तर मागे नुसता रबरी शिक्का. शिक्क्याला काय, कुणीही मारील. पीठासीनची सही कुठे आहे? विसरल्या."

माझा हात थांबला. "मग?"

"मग काय! चार लोकांसमोर काय बोलायचं त्यांना? आडोसा होताच. मी करून दिली सही. पूर्ण नाव. खाली हुद्दापण लिहिला. नाहीतर बाद झाली असती ना. उगाच त्या बाईंना नोटीस मिळाली असती."

मी पुन्हा तेल चोळायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर, एखाद्या कच्च्या मुलाची वही कुणाला न दाखवता सुधारून द्यावी, तसं समाधान होतं. कित्येक हजार मतं ज्या सहीनं खरी केली, तिनंच त्यांचं स्वतःचं मत मारून टाकलं होतं. आणि नियम मला त्यांनीच शिकवलेला. मतदार ओळखू येईल अशी कुठलीही खूण.

स्वयंपाकघरात जाऊन मी दीदीला फोन लावला. आडून विचारलं, समजा, एखाद्यानं मतपत्रावर नाव लिहिलं तर?

"अरे नहीं, वो तो रिजेक्ट हो जाएगा. क्यों, किसने लिखा?"

"किसी ने नहीं. और लिफाफा बंद हो गया हो, तो दूसरा मिल सकता है क्या?"

"वो तो जमा भी हो गए. अब तो गिनती के दिन ही खुलेंगे." मग तिनं विचारलं, "बाऊजी ठीक हैं ना?"

ठीक आहेत, म्हटलं. फोन ठेवला आणि मला रडू वगैरे आलं नाही, राग आला. मॅडमचा आला, त्यांनी एकदा तरी सांगायला हवं होतं की कुठेही सही करू नका. पण बापडी कशाला सांगेल? मतपत्रिकेच्या मागे सही करायची हे कुणाच्या डोक्यात येणार? ज्यांच्या येईल अशी माणसं आता खाटेवर आहेत, नाहीतर उरलीच नाहीत. मग वडिलांचा राग आला. एक दिवस, एकच दिवस, नुसते मतदार होऊन राहता आलं नाही त्यांना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. रागाच्या भरात दूध उतू गेलं आणि शेगडी पुसत मी तिथेच बसले. त्यांना सांगायचं नाही, एवढं मात्र पुसता पुसता ठरलं.

मतदानाच्या दिवशी मी एकटी बूथवर गेले. यादीत माझ्या नावाच्या वरच्याच ओळीत त्यांचं नाव होतं, आणि समोर लाल शाईत खूण, की यांनी घरून मत दिलं आहे. माझं नाव शोधणारा म्हणाला, "फादर का तो हो गया." मी मान हलवली. बटण दाबलं, पीं वाजलं. घरी आल्यावर वडिलांनी गर्दी कशी होती, रांग किती, पाण्याची सोय होती का, सगळं विचारून घेतलं. पोलीस कुठे उभा होता हेसुद्धा. मग समाधानानं म्हणाले, "आपलं तर केव्हाच झालं."

मोजणीच्या दिवशी त्यांनी पुन्हा सकाळीच दाढी करवली. उशा लावून बसवलं, चष्मा पुसून दिला, टीव्ही लावला. सबसे पहले डाक मतपत्रों की गिनती, म्हणजे टपालाच्या आणि घरून दिलेल्या मतांची, असं सांगून बातम्या देणारी बाई पुढे काहीबाही बोलत होती. वडील पडद्यावरून नजर काढेनात.

"माझी पत्रिका आता उघडत असतील," म्हणाले.

मी चहा आणते म्हणून उठायला लागले. खरं तर पळायला. त्यांनी हातानं बस म्हटलं. त्यांना कुणीतरी ऐकायला हवं होतं.

"बेटम्याच्या मोजणीत एक पत्रिका निघाली होती," त्यांनी सुरू केलं. "बाबा, ती गोष्ट माहीत आहे मला, नंतर सांगा," मी म्हणाले. पण ते कुठले ऐकताहेत! "शिक्का बरोबर. घडी बरोबर. सगळं बरोबर. तर मी उलटून बघितली, आणि मागे..."

तिथे ते थांबले.

टीव्हीवरची बाई कुणीतरी आघाडीवर असल्याचं सांगत होती. वडिलांचा उजवा हात रजईवर होता. बोटं जुळली, जराशी हलली, जशी पेन धरल्यावर हलतात, आणि मग सुटी झाली. आवाज बंद कर, अशी त्यांनी खूण केली. मी केला.

"मी मागे सही केली," ते म्हणाले.

मी इतके दिवस तयार करून ठेवलेलं सगळं एकदम बोलून टाकलं. बाबा, त्यांना कळतं हो. वयस्कर माणसांचं समजून घेतात. आता पूर्वीसारखं कडक नाही राहिलं. सगळे मिळून बघतात नीट, मग ठरवतात.

ते माझ्याकडे बघत राहिले. शाळेत खोटं कारण सांगणाऱ्या मुलाकडे ते असंच बघत असणार.

"तो म्हाताराही वयस्करच होता," ते म्हणाले. मग चष्मा काढत, "त्याला कोणी सांगितलं असेल कां, की त्याची बाद झाली?"

"नाही सांगत बाबा. कुणाची कुठली, कसं कळणार?"

"त्याचं तर नाव-गाव लिहिलेलं होतं. जाऊन सांगता आलं असतं." ते खिडकीकडे बघायला लागले. "मी असतो तर माझीपण बादच केली असती. करायलाच पाहिजे."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, जे ते सहसा करू देत नसत. कोण निवडून आलं ते त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. टीव्ही बंदच राहिला. बाहेर फटाके वाजले तेव्हा एकदा डोळे उघडले, इतकंच.

दुपारी मी मऊ खिचडी कालवून भरवायला बसले. चार घास त्यांनी खाल्ले. पाचवा हातानं थांबवला.

"पुढच्या वेळी तो फॉर्म नको भरू," म्हणाले. "खुर्चीत घाला मला, आणि बूथवर न्या."

"तिथे मशीन असतं बाबा. तुम्हाला कुठे आवडतं मशीन?"

"नाही आवडत." त्यांनी तोंड पुसायला मान पुढे केली. मी पुसलं. "पण त्याच्यावर सही करता येत नाही."